मेस्सिनाची सामुद्रधुनी आणि तेहेतीसशे मीटरांचा प्रश्न

इटलीच्या मुख्य भूमीला सिसिली बेटाशी जोडू पाहणाऱ्या मेस्सिना पुलाला ६ ऑगस्ट २०२५ रोजी त्या देशाच्या आर्थिक नियोजनविषयक मंत्रिसमितीने अंतिम मंजुरी दिली, तेव्हा पायाभूत सुविधामंत्री मात्तेओ साल्व्हिनी यांच्या दृष्टीने अर्ध्या शतकाचा वाद संपला होता. तीन महिने उलटण्यापूर्वीच, २९ ऑक्टोबरला, देशाच्या लेखा न्यायालयाने त्या मंजुरीची नोंद करून घेण्यास नकार दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस नकाराची कारणेही प्रसिद्ध झाली. भूकंप, वारा किंवा पोलाद यांपैकी कशाचाही आधार त्या नकाराला नाही. वीस वर्षांपूर्वीचा एक करार, अधिवास-संरक्षणाचा एक युरोपीय नियम आणि पथकराबाबत न मागितलेला एक अभिप्राय, एवढ्यावर साडेतेरा अब्ज युरोंची योजना अडली. रुपयांत ही रक्कम सव्वा लाख कोटींच्या पुढे जाते.

या पुलाची चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन थांबते. एका बाजूला तो मानवी कर्तृत्वाचे शिखर असतो, दुसऱ्या बाजूला माफियांसाठी मांडलेली पंगत. प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे आहे. मोठे पूल, बंदरे वा भुयारी मार्ग यांच्या व्यवसायाशी ज्यांचा दुरूनही संबंध आहे, त्यांनी ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

सामुद्रधुनी सर्वांत अरुंद आहे तेथे तिची रुंदी तीन किलोमीटरच्या आसपास आहे. सिसिलीच्या बाजूला मेस्सिना शहराच्या उत्तरेचे गांझिर्री आणि तोर्रे फारो हे किनारी भाग. समोर कालाब्रियातील व्हिला सान जोव्हान्नी, आणि थोडे दक्षिणेला रेज्जो कालाब्रिया. मेस्सिनाची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या घरात, रेज्जोची त्याहून कमी. मधल्या पाण्याचा प्रवाह साधारण दर सहा तासांनी दिशा बदलतो आणि भोवरे निर्माण करतो. होमरच्या महाकाव्यातील स्किला आणि कॅरिब्डिस या राक्षसिणी परंपरेने याच ठिकाणच्या मानल्या जातात. इसवी सनापूर्वी २५१ मध्ये कार्थेजकडून जिंकलेले शंभराहून अधिक हत्ती रोमन सेनानी मेतेल्लुसने रिकाम्या रांजणांवर रचलेल्या तराफ्यांवरून पलीकडे नेले, अशी नोंद प्लिनीने केली आहे. म्हणजे पलीकडे जाण्याची सोय ही येथे बावीस शतकांची गरज आहे, साल्व्हिनींची लहर नव्हे.

आज ही सोय फेऱ्यांची आहे. मोटारी, मालमोटारी आणि माणसे बोटीने जातात. पण खरी चमत्कारिक गोष्ट रेल्वेची. रोमहून पालेर्मोला निघालेली गाडी व्हिला सान जोव्हान्नीला पोहोचते, तिचे डबे सुटे करून बोटीच्या पोटातील रुळांवर चढवले जातात, आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. समुद्र ओलांडायला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे लागत असली तरी या उठाठेवीत दोन तास सहज जातात. पूल झाल्यास हा टप्पा पंधरा मिनिटांवर येईल, असा योजनेचा दावा आहे. रात्रीच्या गाडीने शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मिलान-तोरिनोकडे जाणाऱ्या सिसिलियन पिढ्यांना हे दोन तास चांगले ठाऊक आहेत, आणि परदेशस्थ मराठी माणसालाही त्यातील भावना निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

योजनेतील मुख्य गाळा ३,३०० मीटरचा आहे. सध्याचा जागतिक उच्चांक तुर्कस्तानातील दार्दानेल्सवरील १९१५ चानक्कले पुलाचा आहे. मार्च २०२२ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलाचा गाळा २,०२३ मीटरचा. त्याआधीचा मानकरी जपानचा आकाशी कैक्यो, १९९८ सालचा, १,९९१ मीटर. चीनमध्ये यांगत्से नदीवर २,३०० मीटर गाळ्याचे काम चालू आहे. मेस्सिना मात्र उच्चांकाच्या पुढे साठ टक्क्यांहून मोठी उडी मागतो. त्याचे दोन पोलादी मनोरे प्रत्येकी ३९९ मीटर उंच, म्हणजे आयफेल मनोऱ्यापेक्षा उंच. पाण्यात एकही खांब नाही. मनोरे दोन्ही तीरांवर, जमिनीवर.

एवढी उडी अविवेकी आहे का? इतिहासाचे उत्तर सरळ नाही. १९३१ मध्ये ऑथमार अम्मान यांनी न्यूयॉर्कचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल बांधला तेव्हा १,०६७ मीटरचा गाळा आधीच्या ५६४ मीटरच्या उच्चांकाच्या जवळजवळ दुप्पट होता. तो पूल आजही जगातील सर्वाधिक वर्दळीच्या पुलांपैकी एक आहे. उलट नोव्हेंबर १९४० मध्ये वाऱ्याने पिळवटून कोसळलेल्या टॅकोमा नॅरोज पुलाचा गाळा ८५३ मीटर, गोल्डन गेटपेक्षा कितीतरी आखूड. त्याला लांबीने मारले नाही. त्याच्या पट्ट्याच्या अरुंदपणाने आणि लवचीकपणाने मारले. झुलत्या पुलाच्या बाबतीत धोका विक्रमात नसून, जी गोष्ट आधी मोजली गेली नाही तिच्यात दडलेला असतो.

मेस्सिनात काय मोजले गेले आहे, ते पाहणे म्हणून महत्त्वाचे. गाळा वाढतो तशी केबलची स्वतःचे वजन पेलण्यातच शक्ती खर्च होऊ लागते. येथे सव्वा मीटर व्यासाच्या चार केबल आहेत, प्रत्येकीत चव्वेचाळीस हजारांहून अधिक तारा. केबलचे एकूण वजन दीड लाख टनांच्या वर जाते. ज्या पट्ट्याला त्या उचलून धरणार, त्या पट्ट्याहून त्या जड आहेत. दुसरा प्रश्न वाऱ्याचा. त्यावर अभिकल्पकांनी काढलेला उपाय सुंदर आहे: मार्गाचा पट्टा एकसंध न ठेवता तीन स्वतंत्र पोलादी पेट्यांचा करायचा, दोन बाजूंना रस्ते आणि मध्ये रेल्वे, आणि त्यांच्यामध्ये हवा जाण्यासाठी मोकळ्या फटी. पेट्यांमध्ये फट ठेवणाऱ्या याच कुळातील पट्टे पुढे चीन व तुर्कस्तानच्या पुलांत प्रत्यक्ष वापरले गेले. मेस्सिनाचा पूल उभा न राहताच जगाला काही शिकवून गेला, असे म्हणता येईल.

भूकंपाचा मुद्दा सर्वांत जास्त बोलला जातो आणि सर्वांत जास्त गैरसमजुतीने. २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे पाचच्या सुमारास ७.१ तीव्रतेच्या भूकंपाने मेस्सिना आणि रेज्जो दोन्ही शहरे जमीनदोस्त केली. कोसळणाऱ्या घरांतून जीव वाचवून किनाऱ्याच्या मोकळ्या जागेत धावलेल्या लोकांना काही मिनिटांतच त्सुनामीने गाठले. मृतांचे अंदाज पंचाहत्तर हजारांपासून एक लाखाच्या पुढे जातात. अशा जागी पूल, ही कल्पनाच अनेकांना अंगावर काटा आणणारी वाटते. पण अभियांत्रिकीचे गणित भावनेच्या उलट जाते. एवढ्या लांब झुलत्या पट्ट्याचा आडवा झोका तीस सेकंदांच्या आसपासचा असतो, तर भूकंपाची बहुतेक ऊर्जा त्याहून फार जलद हेलकाव्यांत असते. पट्ट्याच्या दृष्टीने वारा हाच मोठा शत्रू. १९९५ च्या कोबे भूकंपात आकाशी कैक्योचे मनोरे उभे होते, केबलही ओढून झाल्या होत्या. दोन मनोऱ्यांमधले अंतर सुमारे ८० सेंटीमीटरने वाढले, अभिकल्प थोडा बदलला आणि काम पुढे गेले. अर्थात मनोऱ्यांचे पाये, केबल जखडणारे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे आणि त्यांच्याखालचे भूस्तरभंग यांचा प्रश्न यातून सुटत नाही. टीकाकार भूगर्भशास्त्रज्ञांचा रोख तिकडेच आहे आणि तो रास्त आहे. पूल टिकला आणि दोन्ही तीरांवरील जुन्या इमारती कोसळल्या, तर पुलाचे काय करायचे, हा त्यांचा दुसरा प्रश्न तर अभियंत्यांच्या कक्षेबाहेरचा आहे.

सर्वांत कमी चर्चिली गेलेली बाब रेल्वेची आहे. आकाशी कैक्यो मुळात रस्ता आणि रेल्वे दोन्हींसाठी आखला होता. १९८५ मध्ये जपानने त्यातून रेल्वे वगळली. हाँगकाँगच्या त्सिंग मा पुलावरून रेल्वे जाते, पण गाळा १,३७७ मीटरचा. धावती आगगाडी वाहणारा झुलता पूल त्याच्या दुपटीहून लांब बांधल्याचे उदाहरण जगात नाही. जड गाडी पुढे सरकते तसा पट्टा तिच्याखाली दबतो आणि टोकांशी रुळांना मोठी हालचाल सोसावी लागते. कागदावर हे सोडवले आहे. तरीही विक्रम गाळ्याचा नसून या जोडीचा आहे, हे प्रचारपत्रकांत क्वचितच दिसते. आणि रेल्वे वगळली तर पूल बांधण्याचे निम्मे कारणच उरत नाही.

आता कागदांकडे. १९७१ मध्ये इटलीच्या संसदेने या कायमस्वरूपी दुव्यासाठी कायदा केला; १९८१ मध्ये 'स्त्रेत्तो दी मेस्सिना' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २००५ मध्ये बेर्लुस्कोनी सरकारच्या काळात इम्प्रेजिलो या कंपनीच्या, म्हणजे आजच्या वीबिल्डच्या, नेतृत्वाखालील समूहाने निविदा जिंकली, बोली ३.९ अब्ज युरोंच्या आसपास होती. २००६ मध्ये प्रोदी आले, काम थांबले. बेर्लुस्कोनी परतले, काम सुरू झाले. मोन्ती सरकारने ते पुन्हा गुंडाळले आणि २०१३ मध्ये कंपनी अवसायनात गेली. कंत्राटदार नुकसानभरपाईसाठी न्यायालयात गेले. २०२१ मध्ये मंत्रालयाच्याच अभ्यासगटाने एका अखंड गाळ्याऐवजी तीन गाळ्यांच्या पुलाकडे कल दाखवला. त्या अहवालाचे पुढे काही झाले नाही. मार्च २०२३ मध्ये मेलोनी सरकारने वटहुकूम काढून जुनी कंपनी, जुना अभिकल्प आणि जुना करार असे तिघांना एकदम जिवंत केले.

घोटाळा येथेच आहे. नवी निविदा काढली असती तर दोन-तीन वर्षे गेली असती, आणि निवडणुकांचे वेळापत्रक तेवढे थांबत नाही. जुना करार उचलून धरल्याने सरकारने वेळ वाचवला असे वाटले. पण युरोपीय संघाच्या सार्वजनिक खरेदी निर्देशानुसार चालू करारात बदल करताना मूल्य पन्नास टक्क्यांहून अधिक वाढले तर साधारणतः फेरनिविदा आवश्यक ठरते. २०२१-२२ मधील पोलाद व ऊर्जेच्या महागाईमुळे बहुतेक वाढ झाली आणि ती या मर्यादेत धरता येत नाही, असा सरकारचा युक्तिवाद. तो लेखा न्यायालयाला पटला नाही. दुसरे कारण अधिवासांचे. गांझिर्रीची खाऱ्या पाण्याची सरोवरे आणि सामुद्रधुनीवरील आकाश हा आफ्रिका-युरोप स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा आणि करकोच्यांचा मार्ग आहे. संरक्षित क्षेत्राची हानी होणार असेल तर 'अन्य पर्याय नाही' आणि 'अपरिहार्य लोकहित आहे' हे दोन्ही सिद्ध करावे लागते. सरकारने एप्रिल २०२५ मध्ये तसा ठराव केला आणि त्यात लष्करी हालचालींचे कारणही जोडले. न्यायालयाच्या मते ठरावामागे पुरेसे तांत्रिक परीक्षण नव्हते. तिसरे कारण, पथकराच्या आराखड्यावर वाहतूक नियामक प्राधिकरणाचे मत घेतलेच नव्हते.

या तिसऱ्या कारणाला किरकोळ म्हणून हसणारे अनेक आहेत. साडेतेरा अब्जांच्या योजनेत पथकर कोण ठरवणार, किती ठरवणार आणि वाहने आली नाहीत तर तूट कोण भरणार, हा प्रश्न किरकोळ असूच शकत नाही.

ब्रिटनमधील वाचकांना यासाठी फार दूर जावे लागणार नाही. हल शहराजवळचा हंबर पूल १९८१ मध्ये खुला झाला तेव्हा १,४१० मीटरच्या गाळ्याने तो जगात पहिला होता आणि तो मान त्याने सतरा वर्षे राखला. त्याचे आश्वासन जानेवारी १९६६ च्या हल नॉर्थ पोटनिवडणुकीत, काठावरच्या बहुमताच्या चिंतेतून दिले गेले होते. पलीकडच्या तीरावर मोठे शहर नव्हते; वाहने अपेक्षेइतकी आली नाहीत, व्याज चढत गेले आणि अखेर सरकारला १५ कोटी पौंडांचे कर्ज माफ करून २०१२ मध्ये पथकर निम्म्यावर आणावा लागला. जपाननेही होन्शू आणि शिकोकू जोडणाऱ्या पुलांच्या कर्जापैकी १.३४ लाख कोटी येनचा भार २००३ मध्ये सरकारी तिजोरीवर घेतला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे सर्व पूल निर्दोष आहेत. याच्या उलट, २००० साली कोपनहेगन आणि माल्मो यांना जोडणारा ओरेसुंड पूल यशस्वी ठरला, कारण एका तीरावर रोजगार होता, दुसऱ्यावर परवडणारी घरे, आणि दोन्हीकडे उत्तम रेल्वे.

मेस्सिनाच्या दोन्ही बाजूंना काय आहे? पालेर्मो-मेस्सिना लोहमार्गाचा काही भाग आजही एकेरी आहे. सालेर्नोपासून रेज्जोपर्यंतचा अतिजलद मार्ग तुकड्या-तुकड्यांत रेंगाळतो आहे. २०२४ च्या दुष्काळात सिसिलीच्या अंतर्भागात घरोघरी पाण्याचे वाटप दिवस ठरवून झाले. गळक्या जलवाहिन्यांच्या बेटाला पुलाआधी नळ हवेत, ही घोषणा तेव्हापासून मोर्च्यांत ऐकू येते. पूल झाला की मागचे रस्ते-रेल्वे आपोआप सुधारतील, असे समर्थक म्हणतात. क्रम उलटाही असू शकतो, हे मान्य करायला ते तयार नाहीत. त्यांची एक बाजू मात्र दुर्लक्षिता येत नाही: गेली पन्नास वर्षे 'आधी रेल्वे, आधी पाणी' असे सांगून पूल नाकारला गेला, आणि त्या पन्नास वर्षांत रेल्वे आणि पाणी तरी कुठे आले?

राजकारणाचा विनोद असा की या पुलाचा सर्वांत मोठा कैवारी उत्तर इटलीच्या पक्षाचा नेता आहे. साल्व्हिनींचा लेगा पक्ष एकेकाळी दक्षिणेवरील खर्चाला विरोध करीतच वाढला, आणि २०१६ मध्ये स्वतः साल्व्हिनी दूरचित्रवाणीवर या पुलाबद्दल शंका घेत होते. जून २०२५ च्या हेग परिषदेत नाटो देशांनी सकल उत्पन्नाच्या पाच टक्के संरक्षण व संलग्न बाबींवर खर्च करण्याचे ठरवले, तेव्हा दीड टक्क्याच्या 'संलग्न' खात्यात पूल बसवता येईल ही कल्पना रोममध्ये मोठ्या उत्साहाने फिरली. अमेरिकेचा सूर थंड राहिला. ज्या पुलाला उभा राहण्यासाठी दर दोन वर्षांनी नवे कारण लागते, त्याचे मूळ कारण किती पक्के आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

पंतप्रधान मेलोनी यांनी निकालाला सरकारच्या अधिकारक्षेत्रातील अतिक्रमण ठरवले. दुसऱ्याच दिवशी सिनेटने न्यायाधीश आणि सरकारी वकील यांच्या सेवा वेगळ्या करणारी घटनादुरुस्ती मंजूर केली, त्यामुळे पुलाचा निकाल सरकार विरुद्ध न्यायव्यवस्था या मोठ्या संघर्षात ओढला गेला. लेखा न्यायालयाने पूल बांधू नका असे म्हटलेले नाही. सादर झालेली मंजुरी कायदेशीर कसोटीवर उतरत नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. हा फरक सभांमधून हरवला.

महाराष्ट्राशी या प्रकरणाचा एक दुवा प्रत्यक्ष आहे. मेस्सिनाच्या कंत्राटदार समूहात जपानची आयएचआय कंपनी आहे. लार्सन अँड टुब्रोच्या जोडीने हीच कंपनी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूच्या पहिल्या टप्प्याच्या कामात होती. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झुलता नाही, त्याचे तंत्र पूर्ण निराळे. पण कल्पना १९६० च्या दशकातील, उद्घाटन १२ जानेवारी २०२४ चे, आणि मधली साठ वर्षे निविदा, पुनर्निविदा, फ्लेमिंगो आणि कोळी बांधवांची भरपाई यांतली. खुला झाल्यावर अडीचशे रुपयांच्या पथकरापुढे वाहनसंख्या अंदाजाहून कमी राहिली, ही तक्रारही ओळखीची. फरक एवढाच की नवी मुंबईचा विमानतळ आणि भोवतीची वस्ती त्या सेतूच्या पलीकडच्या टोकाला आकार घेत आहे. कालाब्रियाच्या टोकाला तसे काही दिसत नाही.

सरकारपुढे आता तीन वाटा आहेत. मंत्रिमंडळ श्रेष्ठ लोकहिताचा ठराव करून सशर्त नोंदणी करवून घेऊ शकते. पण तशा मंजुरीवर पुढे युरोपीय न्यायालयात आव्हान आले तर कोणती बँक वा कंत्राटदार निश्चिंत झोपेल? दुसरी वाट कागदपत्रे दुरुस्त करून पुन्हा सादर करण्याची. पथकरावरचे मत मिळवणे सोपे आहे, अधिवासांचे परीक्षण मेहनतीचे, आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा तर कुठल्याही पुरवणी टिपणीने ओलांडता येणारी नाही. तिसरी वाट फेरनिविदेची. ती सर्वांत लांबची, आणि २०२३ मध्येच धरली असती तर आज बहुधा संपत आली असती.

दरम्यान तोर्रे फारो आणि व्हिला सान जोव्हान्नीत शेकडो कुटुंबांची घरे संपादनाच्या यादीत आहेत. घराला नवे छप्पर घालावे की नाही, मुलाच्या नावावर करावे की विकावे, हे त्यांना ठरवता येत नाही; अशा घराला गिऱ्हाईक कोण मिळणार? तेथील किनाऱ्यावर दोनशे मीटरहून उंच असा एक जुना पोलादी मनोरा उभा आहे, कालाब्रियाच्या टेकडीवर त्याचा जोडीदार. १९५५ मध्ये या दोघांच्या आधाराने साडेतीन किलोमीटरहून लांब विजेच्या तारा सामुद्रधुनीवरून ओढल्या होत्या. पुढे वीज समुद्राखालच्या केबलमधून जाऊ लागली, तारा उतरवल्या गेल्या, मनोरे राहिले. त्यांच्याजवळून दर काही मिनिटांनी बोट सुटते.